हप्त्यांवरचं डॉग ट्रेनिंग आणि अडकलेले पैसे

प्रश्न असा आला आहे: नाशिकमध्ये दोन वर्षांपासून डॉग ट्रेनिंग करतो. दोन मदतनीस आहेत, गंगापूर रोडला छोटं बोर्डिंगही आहे. तीन महिन्यांचं, २४ सेशनचं पॅकेज २४,००० रुपयांना देतो, दरमहा ८,००० च्या हप्त्याने. सध्या चार जणांकडे पैसे अडकलेत. त्यातल्या एकाचा बीगल ट्रेनिंगसाठी माझ्याकडेच राहतोय. पैसे मिळेपर्यंत त्याला सोडू नकोस, असं मित्र म्हणतात. शिवाय एक फायनान्स कंपनी ईएमआयच्या टाय-अपसाठी मागे लागली आहे. काय करावं?

आधी बीगलचं बोलू. बाकीचं सगळं आठवडाभर थांबलं तरी चालेल, त्याचं थांबवू नका. त्याला घरी पाठवा.

तुमच्या मित्रांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात कलम १७० आहे. तुमच्या ताब्यात दिलेल्या वस्तूवर तुम्ही श्रम किंवा कौशल्य खर्च केलं असेल, तर मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेता येते. कुत्रा कायद्याच्या लेखी जंगम मालमत्ता आहे आणि ट्रेनिंग म्हणजे कौशल्यच. पण त्याच कलमाखाली दोन उदाहरणं दिली आहेत, ती कोणी वाचत नाही. पहिलं जवाहिऱ्याचं: हिऱ्याला पैलू पाडून दिले, तर पैसे मिळेपर्यंत हिरा ठेवून घेता येतो. दुसरं शिंप्याचं: कोट शिवून झाला की लगेच देतो आणि पैशाला तीन महिन्यांची सवलत देतो, असं शिंप्याने कबूल केलं असेल, तर त्याला कोट अडवून ठेवता येत नाही. तुम्ही हप्ते कबूल केलेत, म्हणजे तुम्ही दुसऱ्या उदाहरणातले शिंपी. हप्ता थकल्यावर तरी अडवता येईल का, यावर वकील वाद घालतील, पण तुमची बाजू सुरुवातीपासूनच लंगडी आहे. शिवाय हे कलम ट्रेनिंगच्या कष्टांपुरतं. नुसत्या राहण्या-खाण्याचे पैसे त्यात बसतील, असं धरून चालू नका.

आणि समजा, हक्क आहे. मग काय? अडवून ठेवण्याचा हक्क म्हणजे विकण्याचा हक्क नव्हे. तोवर दोन वेळचं खाणं तुमचं, सकाळ-संध्याकाळ फिरवणं तुमचं, केनेल अडकलेलं ते वेगळंच. त्याला जुलाब लागले तर डॉक्टर तुम्ही गाठायचा आणि बरंवाईट झालं तर जाब तुम्ही द्यायचा. ज्याच्या ताब्यात जनावर असतं त्याच्यावर त्याच्या देखभालीची जबाबदारी असते, हे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. मालकाने पोलीस चौकीत ‘माझा कुत्रा डांबून ठेवलाय’ म्हटलं, की तुमचे थकलेले हप्ते कुणाच्या लक्षात राहत नाहीत. शिवाय बीगल महिनाभर केनेलमध्ये नुसता बसला, तर भुंकायचं तेवढं शिकेल आणि तुमचंच काम धुऊन जाईल.

तेव्हा मालकाला बोलवा, त्याच्यासमोर कुत्र्याकडून शिकवलेलं सगळं करून घ्या, त्याचा व्हिडिओ काढा, वजन आणि तब्येत लिहा आणि एका साध्या कागदावर सही घ्या: ‘कुत्रा सुस्थितीत मिळाला. ट्रेनिंगचे इतके रुपये देणं बाकी आहे, ते अमुक तारखेपर्यंत देईन.’ हा कागद त्या कुत्र्यापेक्षा जास्त कामाचा आहे. पैशाच्या दाव्याची मुदत तीन वर्षांची असते आणि त्या मुदतीत बाकी लेखी कबूल केली, तर ती तारखेपासून पुन्हा नव्याने मोजली जाते. जमलं तर त्याच वेळी पुढच्या तारखेचे दोन चेक घ्या. कोरा सही केलेला चेक मात्र घेऊ नका, त्याने तुमचीच केस किचकट होते.

आता मूळ दुखण्याकडे. लोक पैसे का थांबवतात? आपल्याला वाटतं, नियत खराब. मला आजवर उघड बुडवे फार थोडे भेटले. बाकीचे थांबतात ते एका ठरावीक वळणावर, आणि ते वळण आपणच तयार करतो. चौथा-पाचवा आठवडा डोळ्यांसमोर आणा. लॅब्रेडॉर तुमच्याबरोबर लॉबीतून रुबाबात चालतो, ‘हील’ म्हटलं की गुडघ्याला चिकटतो, गेटपाशी बसतो. तुम्ही लीश काकूंच्या हातात देता आणि पुढच्या क्षणाला काकू गुलमोहराच्या दिशेने खेचल्या जातात. तुमच्या दृष्टीने काम अर्ध्याच्या पुढे गेलंय, कारण कुत्र्याला समजलंय, आता माणसांना शिकवायचं राहिलंय. काकूंच्या दृष्टीने महिनाभर पैसे दिले आणि कुत्रा होता तसाच आहे. आणि नेमका याच आठवड्यात तुमचा दुसरा हप्ता येतो. ‘बघू, या महिन्यात जरा टाइट आहे’ हे उत्तर खिशातून आलेलं नसतं, गुलमोहरापासून आलेलं असतं.

दुसरं वळण याच्या उलट. दहाव्या आठवड्यात कुत्रा शहाणा झालेला असतो, घाण बाहेरच करतो, पाहुण्यांवर उडी मारत नाही. गरज संपली की तिसऱ्या हप्त्याची घाईही संपते. म्हणजे एक हप्ता फरक दिसत नाही म्हणून अडकतो, दुसरा फरक दिसला म्हणून!

यात आणखी एक गाठ आपल्याकडे हमखास असते. फोन करून ठरवणारा मुलगा बंगळूरला किंवा न्यू जर्सीला, कुत्रा नाशिकला आई-बाबांकडे. पैसे देणाऱ्याला प्रगती दिसत नाही आणि प्रगती बघणाऱ्याला पैशाचं माहीत नसतं. अशा घरी प्रत्येक सेशननंतर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ मुलाला गेलाच पाहिजे. मी हे सगळ्याच घरांसाठी करते. पुढे कधी कुणी ‘सेशन झालंच नाही’ म्हणालं, तर तोच पुरावा असतो.

एका थकलेल्या हप्त्याने किती खड्डा पडतो, हे कागदावर मांडून बघा. समजा ८,००० च्या महिन्यामागे मदतनिसाचा पगार, पेट्रोल, ट्रीट्स, लीश-कॉलरची झीज, जागेच्या भाड्यातला वाटा मिळून ४,८०० जातात, तुमच्या हातात ३,२०० राहतात. काम करून झाल्यावर ते ८,००० आलेच नाहीत, तर दुसऱ्या दीड ग्राहकाच्या महिन्याची कमाई नुसता झालेला खर्च भरून काढण्यातच जाते. ती वेळ पैसे देणाऱ्या दुसऱ्या कुणाला देता आली असती असं धरलं, तर अडीच ग्राहकांची. सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी चार ते आठ, प्रवास धरून माणूस दिवसाला फार तर सहा-सात घरं करतो. किराणा दुकानदाराची उधारी थकली तर तो जास्त माल विकून भरून काढेल. आपल्याकडे विकायला संध्याकाळ एकच असते.

आणि खरं नुकसान त्यापुढे सुरू होतं. खड्डा भरायला तुम्ही दोन घरं जास्त घेता. पाऊण तासाचं सेशन पंचवीस मिनिटांवर येतं. पळत पळत केलेल्या कामात कुत्रा शिकतो, पण घरच्यांना शिकवायला वेळ उरत नाही. मग गुलमोहराचा प्रसंग जास्त घरांत घडतो आणि जास्त हप्ते अडकतात. मदतनिसाचा पगार एकदा लांबला, दोनदा लांबला, की तो स्वतःचं सुरू करतो आणि तुमचीच चार घरं घेऊन जातो. त्याला दोष देता येत नाही. बंद पडलेले जे छोटे ट्रेनर मी पाहिले, त्यांच्या हातात कसब नव्हतं असं कुणाच्याच बाबतीत म्हणता येणार नाही.

म्हणून माझा नियम एकच: काम पैशाच्या पुढे जाऊ द्यायचं नाही. याचा अर्थ हप्ते बंद करा असा नाही. २४,००० एकरकमी द्या म्हटलं तर निम्मे लोक दारातूनच परत जातील. हप्ते ठेवा, पण महिन्यावर नको, कामावर ठेवा. २४ सेशनचे सहा-सहाचे चार टप्पे करा, टप्प्याला ६,००० आणि तेही टप्पा सुरू होण्याआधी. कुणी थांबलाच तर त्याची पुढची सेशन बाकी असतात, तुमचे मागचे पैसे नाहीत. आणि कुत्रा घरच्यांच्या हातात देण्याचं काम पाचव्या-सहाव्या आठवड्यापर्यंत ढकलू नका, पहिल्या टप्प्यातच आणा. सहावं सेशन पूर्ण काकूंचं, तुम्ही फक्त बाजूला उभं राहायचं. एकच गोष्ट जमू दे, गेटपाशी बसवणं, पण ती त्यांच्या हातून जमू दे. त्याच संध्याकाळी पुढच्या टप्प्याचा मेसेज गेला, तर पैसे सहसा रात्रीच येतात.

करारनामा म्हटला की लोक दचकतात. मी व्हॉट्सॲपवर एवढंच पाठवते:

‘मोगलीचं ट्रेनिंग, एकूण २४ सेशन, ६-६ चे चार टप्पे. टप्प्याचे ६,००० रुपये टप्पा सुरू होण्याआधी. पैसे जमा झाल्यावर पुढच्या सहा तारखा ठरतील. आदल्या रात्री ८ नंतर रद्द केलेलं सेशन झालं असं धरलं जाईल. मध्येच थांबायचं असल्यास झालेली सेशन वजा करून त्या टप्प्याचे उरलेले पैसे सात दिवसांत परत. मान्य असल्यास तुमचं पूर्ण नाव लिहून हो म्हणून कळवा.’

पैसे परत करण्याची ओळ गाळू नका. ‘कोणत्याही परिस्थितीत पैसे परत मिळणार नाहीत’ असं छापून अनेकजण स्वतःला सुरक्षित समजतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात एकतर्फी अटींच्या कराराला अन्याय्य करार म्हणून आव्हान देता येतं. आणि परत मिळणार हे दिसलं की लोक पहिले पैसे लवकर देतात.

बोर्डिंग-ट्रेनिंगला हे आणखी काटेकोर पाळा. निम्मे पैसे कुत्रा आत घेताना, निम्मे मुक्कामाच्या मध्यावर, घरी नेण्याच्या दिवशी काहीही बाकी नको. दुसऱ्या एका नातेवाइकाचा नंबर, ठरलेल्या तारखेनंतरचा रोजचा दर आणि अमुक दिवसांत कोणी न्यायला आलंच नाही तर दुसरं घर शोधायला लेखी परवानगी, हे आधीच घ्या. कारण पैसे न देणाऱ्यापेक्षा कुत्रा न नेणारा महाग पडतो. घरमालकाने नाही म्हटलं, बदली झाली, घटस्फोट झाला, आणि फोन बंद. सबळ कारण नसताना जनावर टाकून देणं हा १९६० च्या त्याच कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे खरा, पण रात्री आठ वाजता त्याला खायला तुम्हालाच घालावं लागतं.

यूपीआय ऑटोपे, म्हणजे ग्राहकाच्या खात्यातून हप्ता आपोआप वळता होण्याची सोय, लावून घ्या असं हल्ली सगळे सुचवतात. लावा, सोय चांगली आहे: १५,००० पर्यंतची रक्कम दर वेळी पिन न टाकता जाते आणि ग्राहकाला आदल्या दिवशी सूचना मिळते. पण ऑटोपे म्हणजे हमी नव्हे, ग्राहक ते केव्हाही बंद करू शकतो. खात्यात पैसे नसल्यामुळे असा हप्ता परत गेला, तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली चेक बाउन्ससारखीच कारवाई करता येते. ग्राहकाने आदेशच रद्द केला तर त्या वाटेने जाणं अवघड.

आता फायनान्स कंपनी. तिचा माणूस सांगेल, पैसे लगेच तुमच्या खात्यात, वसुलीची कटकट आमची, ग्राहकाला शून्य टक्के व्याज. शून्य टक्के काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. ते व्याज तुमच्याकडून कापलं जातं. समजा ८ टक्के कापले, तर २४,००० चे तुम्हाला २२,०८० मिळतात आणि त्या कपातीवर शुल्क-जीएसटी वेगळा असू शकतो. २४,००० पाठीमागे तुमच्या हातात ९,६०० राहतात असं वर धरलं, त्यातले १,९२० गेले, म्हणजे कमाईचा पाचवा हिस्सा. तरीही थकबाकी पूर्ण संपत असती तर मी घ्या म्हटलं असतं.

ती संपत नाही, तिचं रूप बदलतं. पाचव्या आठवड्यातल्या काकू आता तुमचा हप्ता थांबवू शकत नाहीत, कारण हप्ता कंपनीला जातोय. न भरला तर त्यांचा क्रेडिट स्कोअर बिघडतो. मग त्या पूर्ण पैसे परत मागतात, आणि बहुतेक टाय-अपच्या करारात सेवा अर्धवट राहिली तर कंपनी ते तुमच्याकडून परत घेते किंवा पुढच्या रकमेतून वळते करते. तोवर ते पैसे तुम्ही मदतनिसाच्या पगारात घातलेले असतात. काही कोचिंग क्लास आणि ऑनलाइन शिक्षण कंपन्या बंद पडल्या, तेव्हा पालकांच्या खात्यातून हप्ते मात्र जात राहिले, हे आपण पाहिलंच. तीन महिन्यांचे पैसे पहिल्या दिवशी खात्यात दिसले की ते कमावले असं वाटतं. ते कमावलेले नसतात, ती तुमच्या डोक्यावरची २४ सेशन असतात.

टाय-अप करायचाच असेल तर करारातली तीन कलमं वकिलाला दाखवा: ग्राहकाने कंपनीचे हप्ते बुडवले तर तुमच्यावर काय येतं, मध्येच ट्रेनिंग थांबलं तर किती दिवसांत किती परत करायचे, आणि ग्राहकाची तक्रार खरी की खोटी हे कोण ठरवणार. पहिल्या कलमात तुमची हमी लिहिलेली असेल तर उठून या. माझं मत विचाराल तर तुमच्या आकाराच्या धंद्याला याची गरज नाही. ज्याला खरोखर ईएमआय हवा, त्याच्याकडून पेमेंट लिंकवर क्रेडिट कार्डाने घ्या, तो त्याच्या बँकेकडे ईएमआय करून घेईल. तुमचे गेटवेचे, म्हणजे कार्डाचे पैसे तुमच्या खात्यात आणणाऱ्या कंपनीचे, साधारण २ टक्के आणि त्यावरचा जीएसटी जाईल. कार्डवाल्याने बँकेकडे तक्रार करून पैसे उलटवायचा प्रयत्न केला, तर सेशनचे व्हिडिओ आहेतच.

ज्याला खरंच परवडत नाही त्याला उधारी देऊ नका, कमी काम द्या. रविवारी सकाळी मैदानावर पाच-सहा कुत्र्यांचा वर्ग, आठवड्याला एकदा, घरचा अभ्यास मालकाने करायचा. (रस्त्यावरून उचलून आणलेल्या देशी कुत्र्यांचे मालक या वर्गात सर्वात नियमित पैसे देतात, हा माझा अनुभव. लाखाचं पिल्लू घेणारेच २,००० साठी घासाघीस करतात.)

जीएसटीबद्दल थोडक्यात, पण नीट ऐका. बोर्डिंग धरून तुमची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली, की नोंदणी आणि १८ टक्के आले. जनावरांच्या दवाखान्याच्या सेवेला सूट आहे, ट्रेनिंगला नाही. आणि इथे कर ग्राहकाने पैसे दिले की नाही यावर थांबत नाही. सुरुवातीलाच पूर्ण २४,००० चं बिल फाडलंत, तर ४,३२० चा कर देय झाला, पुढचे हप्ते बुडाले तरी. निव्वळ पैसे बुडाले म्हणून तो परत मिळण्याची सोय आपल्या कायद्यात नाही. बिलही टप्प्याटप्प्याने करा आणि तसं करारात लिहिलेलं असू द्या.

उरलेले तिघं कशामुळे थांबलेत ते तुम्ही लिहिलेलं नाही, तेव्हा स्वतःच लावून घ्या. ज्याचं ट्रेनिंग चालू आहे, त्याला आजच कळवा की पुढची तारीख पैसे आल्यावर. भांडू नका, फक्त तारीख देऊ नका. ज्याचं काम पूर्ण झालंय, त्याच्याकडून बाकीची लेखी कबुली आणि चेक. चेक परत आला तर घाई करावी लागते: बँकेचा निरोप आल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर त्याला १५ दिवस, मग एका महिन्यात कोर्टात तक्रार. एक तारीख चुकली की सगळं अवघड. चेक नसेल आणि रक्कम आठ-दहा हजारांची असेल, तर दिवाणी दाव्याच्या नादी लागू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व लोकअदालतीसाठी अर्ज करा. कोर्ट फी लागत नाही, आणि तिथून आलेल्या पत्रानेच बरेच लोक फोन करतात. तिथे तडजोड झाली तर तिला कोर्टाच्या हुकूमनाम्याची किंमत असते. सोसायटीच्या ग्रुपवर किंवा इन्स्टाग्रामवर थकबाकीदार म्हणून नाव टाकायचा मोह होईल. टाकू नका. भारतीय न्याय संहितेत बदनामीचं कलम ३५६ आहे, आणि त्या ग्रुपवर तुमचे पुढचे ग्राहकही असतात.

आणि ‘कुत्रा अजून ओढतोच’ म्हणणारा कोणी त्यांत असेल, तर आधी त्याच्या घरी जाऊन लीश कोणाच्या हातात असताना ओढतो ते बघा. मालकाच्या हातात ओढत असेल, तर दोन सेशन मालकासाठी फुकट द्या. ती द्यायच्या आधी थकलेला हप्ता मात्र घ्या, पूर्ण नसेल तर निम्मा, आणि उरलेल्या निम्म्याची तारीख त्याच्याच हाताने लिहून.